रिसीव्हरच्या पाठीवरचे वॅट आणि लाईटबिलातले युनिट

मेहुण्याला होम थिएटरचा रिसीव्हर घ्यायचा होता, म्हणजे सिनेमाचा आवाज मोठा करून सगळ्या स्पीकरना वाटून देणारं यंत्र. एका स्पीकरची वाट म्हणजे एक चॅनल. दुकानात उभं राहूनच त्याने फोन लावला. "दाजी, सात चॅनलचा रिसीव्हर बघतोय. खोक्यावर लिहिलंय, प्रत्येक चॅनलला १५० वॅट. आणि पाठीमागच्या पट्टीवर लिहिलंय, पॉवर कन्झम्प्शन ५०० वॅट. दीडशे साती एक हजार पन्नास. पाचशे वॅट घेऊन हजार पन्नास वॅट देणारं यंत्र असेल तर मी उद्यापासून महावितरणलाच वीज विकतो की!" मागून दुकानदाराचा आवाज आला, "साहेब, ते टेक्निकल असतं."

मेहुण्याच्या बायकोचा हिशेब आणखी सरळ होता. ५०० वॅट म्हणजे तीन तासांच्या पिक्चरला दीड युनिट. रोज लावला तर महिन्याला ४५. हे गाणं-बजावणं आहे की गिझर?

शंका दोघांच्याही रास्त आहेत. गंमत अशी की खोक्यावरचा आकडाही खोटा नाही आणि पट्टीवरचाही नाही, पण लाईटबिल किती येईल हे दोघांपैकी एकही सांगत नाही. बिल ठरवणारे आकडे वेगळेच आहेत आणि ते मॅन्युअलच्या शेवटच्या पानांवर, मुंगीएवढ्या अक्षरात असतात. फ्रिज किंवा एसी घेताना आपण तारे मोजतो. होम थिएटर रिसीव्हरवर तारे नसतात, म्हणून ही मोजणी आपली आपल्यालाच करावी लागते.

आधी खोक्यावरचे १५० वॅट निकालात काढू. हा आकडा रिसीव्हर किती वीज खातो याचा नाहीच, तो स्पीकरला किती देऊ शकतो याचा आहे, आणि तोही अगदी सोयीच्या परिस्थितीतला. खाली बारीक अक्षरात अटी असतात: ६ ओहमचा स्पीकर, १ किलोहर्ट्झचा एकच सूर, १० टक्के डिस्टॉर्शन, आणि फक्त एक चॅनल चालू. १० टक्के डिस्टॉर्शन म्हणजे आवाज चक्क फाटलेला. त्याच यंत्राला ८ ओहमचे दोन स्पीकर लावा, २० हर्ट्झपासून २० किलोहर्ट्झपर्यंत स्वच्छ आवाज मागा, की दीडशेचे नव्वद-पंचाण्णव होतात. सातही चॅनल एकदम पिळले तर आणखी खाली, कारण सातांना जेवू घालणारा ट्रान्सफॉर्मर आत एकच असतो. अमेरिकेत एफटीसी या व्यापारावर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने १९७४ मध्येच अँपच्या (अँप्लिफायरच्या, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या यंत्राच्या) जाहिरातींसाठी नियम केला होता. २०२४ मध्ये तो कडक करून ८ ओहम, पूर्ण २० ते २०,००० हर्ट्झ आणि जास्तीत जास्त १ टक्का डिस्टॉर्शन अशी मोजणीची अट घातली. म्हणजे पन्नास वर्षांनीही हा रोग गेलेला नव्हता. तसं पाहिलं तर ९५ आणि १५० वॅटमधला फरक कानाला जेमतेम २ डेसिबलचा. वॅट दुप्पट केले तरी फक्त ३ डेसिबल वाढतात. एवढ्यासाठी बजेट वाढवू नका असं मी मेहुण्याला तिथल्या तिथे सांगितलं. दुकानदाराला ते आवडलं नसावं.

मग पट्टीवरचे ५०० वॅट कसले?

हा आकडा सुरक्षेच्या चाचणीतून येतो. आवाजाच्या यंत्रांना सुरक्षेचा जो आंतरराष्ट्रीय नियम लागतो, त्यात अँप पूर्ण ताकदीने चालवून मोजत नाहीत. आवाज फाटायच्या आधी अँप जेवढी ताकद देऊ शकतो, त्याच्या आठव्या हिश्श्यावर मोजतात, आणि सिग्नल म्हणून सुराऐवजी पिंक नॉइज देतात. पिंक नॉइज म्हणजे धबधब्यासारखा सलग घोंघाट. आठवा हिस्साच का? कारण गाणं किंवा सिनेमा हा सलग सूर नसतो. ढोलाचा एक ठोका शंभर वॅट मागतो, पण दोन ठोक्यांमध्ये शांतता असते. आवाज फाटायच्या उंबरठ्यापर्यंत चढवून जोरकस संगीत लावलं तर सरासरी साधारण आठव्या हिश्श्याच्या आसपास पडते. म्हणजे पट्टीवरचे ५०० वॅट हे "घर दणाणून सोडलंय" या अवस्थेचे. ते कमाल नाहीत आणि रोजचेही नाहीत. वायर, फ्यूज आणि उष्णता झेपते का, हे बघण्यासाठी ते छापलेले असतात.

आता एक हिशेब करून बघू, कारण यात या यंत्राचा स्वभाव कळतो. सात चॅनल, प्रत्येकी ९५ वॅट. आठवा हिस्सा म्हणजे प्रत्येकी सुमारे १२ वॅट, सातांचे मिळून ८३. स्पीकरला जाणार ८३ आणि प्लगमधून घेतले जाणार ५००, तर मधले चारशेच्या वर गेले कुठे? उष्णतेत. बहुतेक रिसीव्हरमध्ये क्लास एबी नावाची जुनी, भरवशाची मांडणी असते आणि तिची मोठी खोड अशी की कमी काम दिलं तर ती प्रमाणाबाहेर वीज वाया घालवते.

आमची इमारत आठ मजली, पाण्याची टाकी गच्चीवर. तळमजल्यावरच्या नळाला इतका दाब असतो की पेला धुवायचा तरी नळ अगदी केसभर उघडावा लागतो. पंपाने पाणी आठ मजले चढवायला जी वीज खर्च केली, तिचा दाब त्या केसभर फटीत वाया जातो. क्लास एबीचं असंच आहे. आत ट्रान्सफॉर्मर ६० व्होल्टच्या आसपासचा दाब कायम तयार ठेवतो, कारण सिनेमात कधीतरी स्फोट होणार असतो. तुम्ही मात्र बातम्या ऐकत असता. ८ ओहमच्या स्पीकरला १ वॅट द्यायला जेमतेम ३ व्होल्ट लागतात. उरलेले ५७ ट्रान्झिस्टर अंगावर झेलतो आणि तापतो.

कागदावर या मांडणीची कार्यक्षमता पूर्ण ताकदीला ७८ टक्क्यांपर्यंत जाते. आठव्या हिश्श्याला ती २८ टक्क्यांवर येते आणि शंभराव्या हिश्श्याला, म्हणजे १०० वॅटच्या अँपमधून १ वॅट काढताना, ८ टक्क्यांच्याही खाली. वरचे ८३ वॅट २८ टक्क्यांनी काढायचे तर आत ३०० घालावे लागतात. प्रत्यक्षातली यंत्रं या कागदी आकड्याच्या खालीच राहतात. त्यात ट्रान्सफॉर्मरचा तोटा आणि डिजिटल बोर्डाची भूक मिळवा, ५०० पर्यंतची बरीचशी वाट तिथेच सरते. मेहुण्याच्या कोड्याचं उत्तर हे: हजार पन्नास वॅट तो रिसीव्हर कधीच एकदम देत नाही.

क्लास डी मध्ये नळ केसभर उघडायची भानगडच नसते. नळ एक तर पूर्ण उघडा नाही तर पूर्ण बंद, आणि ही उघडझाप सेकंदाला लाखो वेळा. पाणी किती पडायचं ते नळ किती वेळ उघडा राहिला यावर ठरतं, म्हणून दाब फटीत मरत नाही. कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या आसपास जाते. तुमच्या साउंडबारमध्ये बहुधा हेच असतं, म्हणून तो एवढासा असतो आणि तापतही नाही. रिसीव्हरमध्ये मात्र ही मंडळी अजून अल्पसंख्य आहेत. पायोनियरच्या एससी-एलएक्स मालिकेत क्लास डी होता, एनएडीच्या टी ७७८ मध्ये आहे. आर्कॅमने एव्हीआर ३० मध्ये क्लास जी हा मधला मार्ग काढला. तिथे टाक्या दोन: रोजच्या वापराला खालची, स्फोटाच्या वेळी वरची. आवाजाच्या दृष्टीने क्लास एबी बरा की डी, यावर रसिक मंडळी रात्र रात्र भांडतात. मी त्यात पडत नाही. विजेच्या बाबतीत भांडायला जागाच नाही.

आता रोजच्या वापराकडे येऊ. साध्या स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल धरू, म्हणजे १ वॅट दिला तर १ मीटरवर ८७ डेसिबल. हॉलमध्ये आपण तीनेक मीटरवर बसतो, तिथे अंतरापायी त्यातले दहाएक डेसिबल कमी होतात, आणि भिंतींवरून परतणारा आवाज त्यातले काही परत देतो. तरी ७७ डेसिबल नक्की उरतात, तेही एका स्पीकरचे, एका वॅटवर. सगळे स्पीकर मिळून याहून मोठा आवाज रात्री दहा वाजता लावून बघा, वरच्या मजल्यावरचे काका खाली येतात की नाही! थोडक्यात, नेहमीच्या आवाजात स्पीकरला सरासरीने एक वॅटही जात नाही. मग रिसीव्हर काय खातो?

तो खातो नुसतं जागं राहण्यापायी. क्लास एबीच्या प्रत्येक चॅनलमधून, आवाज असो-नसो, थोडा करंट सतत वाहत ठेवावा लागतो. तो बंद केला तर हळू आवाजातला सूर खरखरीत होतो. अधिक-उणे ६० मिळून १२० व्होल्ट आणि ३५ मिलिअँपिअर करंट धरला तर चॅनलमागे ४.२ वॅट. नऊ चॅनलचा रिसीव्हर असेल तर ३८ वॅट इथेच गेले. शिवाय एचडीएमआयचे बोर्ड, आवाजाचं गणित करणारी चिप, वायफाय, डिस्प्ले यांना पंचवीस-तीस वॅट. बेरीज ६५-७० वॅट, आणि अजून एक शब्दही ऐकू आलेला नाही. त्यावर नेहमीच्या आवाजात सिनेमा लावला तर हा आकडा पाच-दहा, फार तर वीस-पंचवीस वॅटने वाढतो. मध्यम रिसीव्हर मोकळे असताना साधारण ४० ते ८० वॅटमध्ये कुठेतरी बसतात.

म्हणजे मेहुण्याच्या बायकोला वाटला तसा हा गिझर नाही. छताचा एक जुना, ७५ वॅटचा पंखा समजा. फक्त हा पंखा खोली गार करण्याऐवजी तापवतो.

यातून खरेदीची एक गोष्ट सरळ निघते. घरात पाच स्पीकर आणि एक सबवूफर असेल आणि पुढेही तेवढेच राहणार असतील, तर नऊ चॅनलचा रिसीव्हर घेऊ नका. बहुतेक मॉडेलमध्ये न जोडलेले चॅनलही आतून जागेच असतात; तुटतो तो फक्त स्पीकरकडे जाणारा शेवटचा दुवा. रिकाम्या चार खोल्यांमध्ये दिवे लावून ठेवल्यासारखं ते आहे. आणि पट्ट्यांची तुलना करून निवड केलीत तर फसाल. एकावर ५००, दुसऱ्यावर ६६० लिहिलेलं असतं, पण मोकळे असताना दोघांत दहा-पंधरा वॅटचाच फरक निघू शकतो. डेननसारख्या काही कंपन्या मॅन्युअलमध्ये "आवाज नसताना" असा आकडा वेगळा देतात, इको मोड चालू आणि बंद असे दोन्ही. मिळाला तर तोच आकडा धरा. मिळाला नाही तर दुकानातच मागा. दुकानदार पुन्हा "टेक्निकल" म्हणेल. म्हणू द्या.

एवढं सांगूनही मी अजून मुख्य गोष्टीपाशी आलेलो नाही. ती मला कळली जिन्याखालच्या मीटर बॉक्सपाशी, मोबाइलचा टॉर्च धरून.

झालं असं की माझा जुना रिसीव्हर बंद असतानाही वरून कोमट लागायचा. मांजर त्याच्यावरच झोपायचं. एका रविवारी मी घरातले हॉल सोडून सगळे एमसीबी पाडले. हॉलमधला टीव्ही, राउटर, सेट टॉप बॉक्स, चार्जर सगळं उपटलं. इन्व्हर्टरही बंद केला, कारण तो बॅटरी भरायला गुपचूप वीज ओढतो. उरला फक्त रिसीव्हर, तोही स्टँडबायमध्ये, तांबडा ठिपका दाखवत. मुलगा फोनवर, मी खाली. इलेक्ट्रॉनिक मीटरवर एक लाल दिवा लुकलुकत असतो आणि शेजारी छापलेलं असतं, माझ्याकडे ३२०० इम्पल्स प्रति किलोवॅट-तास. म्हणजे ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट. यावरून एक सोपं सूत्र निघतं: ११२५ ला दोन लुकलुकींमधल्या सेकंदांनी भागा, वॅट मिळतात. तुमच्या मीटरवर १६०० असेल तर ११२५ ऐवजी २२५० घ्या.

मला वाटलं होतं, दिवा लागणारच नाही. लागला. पुन्हा लागला ४७ सेकंदांनी. मग पुन्हा ४७. एकदा ४६. भागाकार केला: २४ वॅट. "बंद" असलेलं यंत्र दिवसरात्र २४ वॅट खात होतं.

रोज चार तास वापर धरा, म्हणजे वीस तास स्टँडबाय. २४ वॅट गुणिले वीस तास, वर्षाला १७५ युनिट. आणि प्रत्यक्ष वापराचे? ७० वॅट गुणिले चार तास, वर्षाला १०२ युनिट. म्हणजे ऐकण्यापेक्षा न ऐकण्याचं बिल जास्त! कित्येक वर्षं ते मी निमूट भरत होतो.

याचं कारण सेटिंगच्या तीन ओळींत होतं. पहिली, एचडीएमआय पास थ्रू: रिसीव्हर बंद असताना सेट टॉप बॉक्सचं चित्र त्याच्यातून टीव्हीला जावं म्हणून बोर्डाचा अर्धा भाग जागा ठेवणारी. दुसरी, एचडीएमआय कंट्रोल किंवा सीईसी: टीव्ही लावला की रिसीव्हरही लागावा म्हणून. तिसरी, नेटवर्क स्टँडबाय: मोबाइलवरून चालू करता यावा म्हणून वायफाय उघडं ठेवणारी. सीईसी एकट्याने फार खात नाही, आजच्या यंत्रांत अर्ध्या वॅटच्या आसपास. नेटवर्क स्टँडबाय नव्या मॉडेलमध्ये दोन-तीन वॅट घेतो. पास थ्रू हा खरा खादाड, विशेषतः जुन्या यंत्रांत.

नवी यंत्रं सुधारली, ती आपोआप नव्हे. १९९९ मध्ये आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेने "स्टँडबाय एक वॅटवर आणा" अशी मोहीम सुरू केली. युरोपीय संघाने पुढे कायदाच केला, साध्या स्टँडबायला २०१३ पासून अर्ध्या वॅटची मर्यादा घातली, नंतर नेटवर्क स्टँडबायलाही टप्प्याटप्प्याने लगाम लावला. कंपन्या सगळ्या जगासाठी बोर्ड साधारण एकच बनवतात, त्यामुळे ब्रुसेल्समधल्या नियमाचा फायदा बुलढाण्याच्या हॉललाही मिळतो. पण ब्रोशरमध्ये "स्टँडबाय ०.१ वॅट" असं झळकतं ते सगळं काही बंद केल्यावरचं. तुम्ही ॲपवरून चालू करण्याची सोय घेतलीत की तो आकडा तुमचा राहत नाही. म्हणून तुलना करताना स्टँडबायचा तुमच्या सवयीचा आकडा शोधा.

पास थ्रू सरसकट बंद करा असंही मी म्हणणार नाही. आमच्या आईचा दिवस मालिकांवर जातो, पाच तास सहज. सेट टॉप बॉक्स रिसीव्हरमधून टीव्हीला गेलेला असेल आणि पास थ्रू बंद असेल, तर सासू-सुनेच्या भांडणासाठी रोज पाच तास नऊ चॅनल जागवावे लागतात. त्यापेक्षा पास थ्रू परवडला. आणि त्याहून बरं म्हणजे जोडणीच बदलायची. सगळी खोकी थेट टीव्हीला लावा आणि टीव्हीतून रिसीव्हरला एकच केबल द्या, ई-आर्कच्या पोर्टातून (टीव्हीचा आवाज रिसीव्हरकडे पाठवणारं एचडीएमआयचं पोर्ट). मालिका टीव्हीच्या स्पीकरवर, सिनेमा असेल तेव्हाच रिसीव्हर. हे आम्ही केलं आणि रिसीव्हरचे रोजचे तास सातावरून दोनावर आले. विजेच्या बचतीत याच्या जवळपास जाणारं दुसरं काही मला सापडलेलं नाही. यासाठी टीव्ही आणि रिसीव्हर दोघांनाही ई-आर्क असायला हवा, एवढं घेताना बघा. शिवाय सीईसीमुळे टीव्ही लावताच रिसीव्हर आपसूक जागा होत असेल, तर ते सेटिंगमधून थांबवा.

इको मोडबद्दल लोक विचारतात. तो मुख्यतः आतला दाब कमी करतो, आमच्या उदाहरणात गच्चीच्या टाकीऐवजी तिसऱ्या मजल्यावरची टाकी. हळू ऐकताना कानाला काही फरक पडत नाही. मोठ्या आवाजात स्फोटाच्या जागी तो धापा टाकतो. डेननमध्ये ऑटो पर्याय आहे, तो आवाजाच्या पातळीनुसार स्वतःच बदलतो. मी तोच ठेवतो. ऑटो स्टँडबायही चालू ठेवा. सिनेमा बघता बघता झोप लागणाऱ्यांसाठी तेवढंच एक पुण्य.

पैशांचं सांगतो. महावितरणचे घरगुती दर स्लॅबमध्ये चढतात, १००, ३००, ५०० युनिटला पायऱ्या. मुंबईत बेस्ट, टाटा, अदानी यांचे दर वेगळे, पण घडण अशीच. नव्या यंत्राचे युनिट तुमच्या ढिगाऱ्यावर सगळ्यात वर जाऊन बसतात, म्हणून त्यांना सरासरी दर लावू नका. तुमचं बिल ज्या पायरीपर्यंत पोचतं तिथला दर, वर वहन आकार आणि वीज शुल्क. मी युनिटला १२ रुपये धरतो. रोज चार तासांच्या वापरात ७० वॅटचा रिसीव्हर वर्षाला सव्वाबाराशे रुपये खातो, ४५ वॅटचा पावणेआठशे-आठशे. फरक साडेचारशेच्या आतला. म्हणजे ४५ वॅटचं मॉडेल दहा हजारांनी महाग असेल तर केवळ बिलासाठी ते घेण्यात अर्थ नाही, वीसहून जास्त वर्षं लागतील वसूल व्हायला. पण २४ वॅटच्या स्टँडबायचे वर्षाला २,१०० रुपये होतात, आणि ते वाचवायला एक पैसाही लागत नाही.

सबवूफरला विसरू नका. त्याला स्वतःचा प्लग असतो, रिसीव्हरच्या पट्टीत त्याचा समावेश नसतो. मागचा स्विच "ऑटो"वर ठेवा, "ऑन"वर नको.

मोजायला प्लगमध्ये लावायचं छोटं मीटर किंवा वॅट दाखवणारा स्मार्ट प्लग सगळ्यात सोपा. क्लॅम्प मीटरने अँपिअर मोजून २३० ने गुणू नका. रिसीव्हरचा पॉवर फॅक्टर एक नसतो, त्यामुळे आकडा फुगून येतो, आणि घरगुती मीटर मोजतो ते खरे वॅटच. मीटरचा दिवा मोजायची माझी पद्धत दहा-वीस वॅटच्या वरच्या कामाला उत्तम. त्याखाली नको, कारण अगदी थोड्या करंटवर मीटर फिरायलाच लागत नाही.

वाया जाणाऱ्या विजेची उष्णता होते हे फक्त बिलापुरतं नाही. ७० वॅट म्हणजे जुना साठचा बल्ब आणि वर थोडं. तो फर्निचरवाल्याने हौसेने केलेल्या बंद कपाटात कोंडला तर मे महिन्यात आतली हवा भाजते, कपॅसिटर लवकर म्हातारे होतात. वर वीतभर जागा सोडा, मागची पाठ उघडी ठेवा. एसी चालू असेल तर ही उष्णता बाहेर फेकायला तो आणखी वीसेक वॅट घेतो.

लाईट जाणाऱ्या गावात इन्व्हर्टरचाही विचार हवा. १२ व्होल्टची १५० अँपिअर-अवरची बॅटरी कागदावर १८०० वॅट-तासांची, हाती लागतात हजार-बाराशे. टीव्हीचे १०० आणि रिसीव्हरचे ७० काढले की पंख्यांच्या वाट्याला काय राहतं ते बघा. आणि इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा असेल तर रिसीव्हरचा ट्रान्सफॉर्मर भुणभुणतो. ती भुणभुण कपाटातूनही ऐकू येते.

शेवटचा प्रकार आपल्याकडे बराच आढळतो: न्यू जर्सीहून भावाने येताना आणलेला, स्वस्तात मिळालेला रिसीव्हर. तो १२० व्होल्टचा. थेट आपल्या २३० वर लावला तर त्याच संध्याकाळी त्याची तेरवी. मग स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यायचा, तोही पट्टीवरच्या आकड्याच्या दीडपट तरी. इथे मात्र पट्टीचा आकडा खरोखर उपयोगी पडतो. पण हा ट्रान्सफॉर्मर प्लगमध्ये आहे तोवर, रिसीव्हर बंद असला तरी, स्वतःच दहा-पंधरा वॅट खातो. १२ वॅट धरले तर चोवीस तासांचे वर्षाला १०५ युनिट. स्वस्तात मिळालेला रिसीव्हर, आणि त्याचा द्वारपाल त्याच्याएवढंच जेवतो. भिंतीवरचा स्विच बंद करायची सवय लागत असेल तरच त्या वाटेला जा.

मेहुण्याने अखेर सातच चॅनलचा घेतला, नऊचा नाही. जोडणी ई-आर्कने केली, पास थ्रू आणि नेटवर्क स्टँडबाय बंद केलं. दोन दिवसांनी रात्री साडेनऊला त्याचा फोन आला. मागे जिन्यातला घुमणारा आवाज, आणि वरून बायको ओरडतेय की फ्रिज किती वेळ बंद ठेवायचा आहे.

"दाजी, सगळं उपटलं, फक्त रिसीव्हर ठेवलाय स्टँडबायला. दहा मिनिटं झाली, एकदाही लुकलुकला नाही. मीटर बिघडलाय बहुतेक. महावितरणला फोन करू का?"